चढावर थांबवलेली गाडी

गाडीच्या तोंडाकडे ते कधी बघत नसत. विकणारा माणूस हौसेने पुढचे दिवे पुसत असे, काचेवरचा देवाचा फोटो दाखवत असे, आणि हे मात्र डाव्या पायाने लंगडत सरळ गाडीच्या मागे जात. तिथे उकिडवे बसत. हौद्याखाली हात घालून स्प्रिंगच्या पाट्यांवरून सावकाश बोटं फिरवत. मग गुडघ्यावर हात टेकून उठत आणि म्हणत, "भरून दाखवा."

जुना पिकअप रिकामा बघून घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. "रिकामी गाडी पळतीच," ते म्हणत. "तिला काय झालंय न पळायला?"

आमच्या अहमदपुरात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो माणूस आधी त्यांना शोधत मोंढ्याजवळच्या पंक्चरच्या दुकानात जाई. हयातभर त्यांनी मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, माल गाडीतून वाहिला होता. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. कारण पुढे येईल. गाव बरंच मोठं आहे आणि वस्ताद म्हणवून घेणारेही पुष्कळ आहेत, तेव्हा एवढ्यावरून कुणाला काही कळायचं नाही.

माझी त्यांची ओळख वर्तमानपत्रामुळे झाली. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. सकाळी दार उघडलं की पहिले येणारे तेच. बातम्यांची पानं ते बाजूला ठेवत आणि छोट्या जाहिरातींवर बोट ठेवून वाचत. "'एकहाती चालवलेली'," ते मोठ्याने वाचत. "कुणाच्या हाती, ते लिहीत न्हाईत." कधी कधी नुसतेच हसत आणि पान माझ्याकडे सरकवत. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळायचं नाही. मी पुस्तकातला माणूस. गाडीचं चाक कुठल्या बाजूला फिरतं एवढंच मला माहीत.

एकदा वाचनालयाला लोखंडी कपाटं आली. ठेकेदार सही घ्यायला उभा होता आणि मी पेन उघडलं होतं. वस्ताद वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "भरून दाखवा म्हणा की त्यांना, सर." मला संकोच वाटला, पण शिपायाने गंमत म्हणून कोशाचे जाड खंड एका फळीवर लावले. संध्याकाळपर्यंत फळी मधोमध खाली आली होती. ठेकेदार कपाटं परत घेऊन गेला. वस्तादांनी त्यावर पुन्हा चकार शब्द काढला नाही. बरोबर ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कधीच पाहिला नाही.

माझी धाकटी बहीण सुरेखा देगलूरला असते. तिच्या नवऱ्याचा, आमच्या दाजींचा, मंडपाचा धंदा होता: कनाती, खुर्च्या आणि दोन चाकांवरचा एक जनरेटर. दाजी अचानक गेले. पहिल्याच लग्नसराईत तिने भाड्याने ठरवलेली गाडी ऐन लग्नाच्या सकाळी आली नाही. मांडवाशिवाय वऱ्हाड उन्हात बसलं. त्या दिवशी तिने ठरवलं, स्वतःचा पिकअप घ्यायचा. पुढच्या सराईपर्यंत गाडी दारात उभी राहिली नाही तर बांधलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे जाणार, आणि सासरचे लोक मंडपाचं सामान विकायला काढणार, हे तिला दिसत होतं.

मी वस्तादांना सांगितलं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. काय न्यायचं, कुठल्या रस्त्यानं न्यायचं, आणि चालवणार कोण.

पहिल्या दोन्हींची उत्तरं मी दिली. हौद्यात खुर्च्या आणि लोखंडी खांब, मागे हुकाला जनरेटर. रस्ता बिलोलीकडचा सपाट, पण मुखेडच्या बाजूला चढ. तिसरं मी विचारलंच नव्हतं. ड्रायव्हर ठेवेल, असं धरून चाललो होतो. तिथूनच फोन लावला.

"मी चालवणार, दादा," सुरेखा म्हणाली. "ड्रायव्हर ठेवून परत त्याचीच वाट बघत बसू का?"

दाजींनी तिला मोकळ्या मैदानात गाडी शिकवली होती, परवानाही काढून दिला होता, हे मला तेव्हा कळलं. वस्तादांनी पेपर मिटला. मग म्हणाले, "मग ताईच्या पायाचं माप घ्यावं लागंल."

आम्ही तिघे गाड्या बघत फिरलो. नांदेडला सकाळी आठ वाजता एका दारात पोचलो तर वस्तादांनी बॉनेटवर हात ठेवला.

"आमच्या आधी कुणी बघून गेलं का?"

"न्हाई, तुम्हीच पहिले," मालक म्हणाला.

"मग गाडीला ताप कशानं आला?"

गार गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, म्हणून मालकाने ती आधीच चालवून गरम करून ठेवली होती. चहा न घेताच आम्ही निघालो. लातूरला एक गाडी त्यांना बरी वाटली. त्यांनी सुरेखाला आत बसवलं आणि क्लच वीस वेळा दाबायला लावला. बाराव्या वेळी तिचा पाय थरथरला. वस्तादांनी मान हलवली.

"बाईमाणसाला कशाला चालवायची?" विकणारा म्हणाला. "मालकिणीनं शेजारी बसावं."

"तुम्ही येता का रोज चालवायला?" सुरेखाने विचारलं. "येत असला तर हीच घेते."

वस्ताद रस्त्यात दोनदा थांबून हसले.

अशा सहा गाड्या नाकारल्या. दिवस जात होते. तेवढ्यात सुरेखाच्या थोरल्या दिरांनी, दुधाचा धंदा करणाऱ्या अण्णांनी, निरोप धाडला की बाहेर कशाला हिंडता, माझी गाडी घ्या, घरचीच आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. मी वस्तादांना म्हणालो, "आता बघायचं काही राहिलं नाही."

"भरून बघायची राहिली."

"वस्ताद, ते आमचे पाहुणे आहेत. त्यांना कसं म्हणायचं?"

तुम्हीही आमच्याकडच्या घरांत वावरला असाल तर ही अडचण ओळखाल. सासरच्या पाहुण्यांनी ताटात वाढलेलं जसं नाकारत नाहीत, तशी त्यांनी देऊ केलेल्या वस्तूत खोट काढत नाहीत. काढली तर ती वस्तूत राहत नाही, नात्यात जाते; आणि ऐकून घ्यावं लागतं ते त्या घरात दिलेल्या मुलीला.

वस्तादांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही काही म्हणू नका, सर. मी परका माणूस हाय. माझ्यावर ढकला."

देगलूरला अण्णांच्या दारात गाडी धुऊनपुसून उभी होती. चहा आला. वस्ताद एरवी बिनसाखरेचा घेत, त्या दिवशी तो गोड चहा त्यांनी मुकाट्याने संपवला. मग उठले, लंगडत मागे गेले, बसले, हात फिरवला. मी जमिनीकडे बघत होतो.

"भरून दाखवा."

अण्णांनी कप खाली ठेवला. "घरच्या माणसाची गाडी भरून बघून राहिलात का आता?"

"अण्णा, लई वाईट सवय हाय माझी," वस्ताद म्हणाले. "सर नको नकोच म्हणत होते. ताईला तर ठाऊक बी न्हाई. मलाच भरल्याबिगर झोप येत न्हाई."

अण्णांनी खिशातून किल्ली काढली. मग म्हणाले, "घाला काय घालायचं ते. मीच चालवतो."

खुर्च्या, खांब, कनाती चढवल्या. मागे जनरेटर अडकवला. वस्ताद अण्णांशेजारी बसले, मी आणि सुरेखा मागे हौद्यात. सपाटीवर गाडी झकास चालली, आणि अण्णा आरशातून माझ्याकडे बघत राहिले. मुखेडकडचा चढ लागला. अर्ध्यावर वस्ताद म्हणाले, "हितं थांबवा. हँडब्रेक ओढा आन् पाय काढा."

ते खाली उतरले. त्यांच्या पिशवीत बाभळीचा एक तिरपा तासलेला ठोकळा नेहमी असे. तो घेऊन ते मागच्या चाकापाशी बसले.

अण्णांनी ब्रेकवरचा पाय काढला. गाडी क्षणभर उभी राहिली. मग, कुणी हळूच ओढावं तशी, मागे निघाली. ठोकळ्यावर चाक आदळल्याचा आवाज आला. अण्णांनी घाईने गिअर टाकला. इंजिन ओरडलं, जळका वास आला, पण गाडी वर चढेना. मागे जनरेटर आडवा फिरायला लागला होता. सुरेखाने माझा दंड धरला होता. वस्ताद ठोकळ्यावर दोन्ही हात दाबून बसले होते आणि जागचे हलले नाहीत.

आम्ही जनरेटरच्या चाकांना दगड लावले. खुर्च्या उतरवल्या. सगळं स्थिर झाल्यावर वस्ताद अण्णांच्या खिडकीशी गेले. माझ्या मनात होतं, आता हे काहीतरी बोलतील.

"अण्णा, तुम्ही सपाटीवरनं दुधाचे कॅन नेता," ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळावं? तुमच्या कामाला गाडी चांगलीच हाय. देऊ नका कुणाला."

अण्णा दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पण सुरेखाला त्या घरात एक शब्द ऐकावा लागला नाही. जो काही राग होता, तो 'त्या लंगड्या म्हाताऱ्या'वर गेला. घरात कुणी गाडीचा विषय काढला की अण्णा म्हणत, "तो लंगडा म्हातारा आला आन् सगळं बिघडलं." वस्तादांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. तिथंच राहू द्या."

त्या दिवशी परत येताना एसटीत आम्ही दोघेच होतो. जांब गावाच्या पुढे त्यांनी बूट काढला आणि डावा पाय मांडीवर घेतला. मोजा नव्हता. अंगठा सोडून बोटं नव्हती.

"हे कशानं गेलं ते घरी बी ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

त्यांच्या मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. व्याह्यांनी आपला पिकअप त्यांना देऊ केला. वस्तादांना भरून बघायची होती, पण मुलीला तिथे नांदायचं होतं. त्यांनी रिकामीच घेतली. पहिल्याच खेपेला चढावर गाडी मागे यायला लागली, ते उतरून दगड लावायला धावले, आणि चाक डाव्या पायावरून गेलं.

"मग व्याह्यांना काय सांगितलंत?"

"मोंढ्यात पोतं पडलं पायावर. ते भेटायला आले तवा माझ्यासाठी रडले, सर. चांगला माणूस हाय. खरं कळलं आसतं तर लेकीकडं बघू शकला नसता."

"अजून सांगितलं नाही?"

"अजून न्हाई. लेक सुखात हाय." त्यांनी बूट घातला. "ठोकळा तवापासनं जवळ ठेवतो."

म्हणून मी नाव लिहिलं नाही.

गाडी शेवटी बिलोलीच्या एका हळदवाल्या शेतकऱ्याकडे मिळाली. राखी रंगाची, पोचे आलेली, एका दाराला दोरी. सुरेखाने तोंड वाकडं केलं. पण क्लच तिच्या पायाला जमला, आणि त्याच चढावर, तेवढंच सामान आणि तोच जनरेटर घेऊन, ती गाडी हँडब्रेकवर उभी राहिली. वस्ताद ठोकळा चाकापासून वीतभर दूर धरून बसले होते. आम्ही किती वेळ थांबलो ते आठवत नाही. मग सुरेखाने ती चढावरून उचलली आणि वर नेली. वस्ताद पायीच चढ चढून आले, धापा टाकत, आणि ठोकळा तिच्या सीटमागे ठेवला.

"आता तुला लागंल, ताई."

"आणि तुम्हाला?"

"मी आता पेपरच वाचतो."

आणि खरंच, त्यानंतर ते कुणाबरोबर गाडी बघायला गेले नाहीत. कुणी आलंच तर सांगत, "देगलूरच्या ताईला विचारा." लोकांना ते थट्टा करताहेत असं वाटे. दोघे जण मात्र खरोखर देगलूरला जाऊन आले.

मी निवृत्त झालो. वस्ताद गेले तेव्हा मी सुरेखाकडेच होतो. वाचनालयाच्या शिपायाचा फोन आला: सकाळी पेपर उघडून बसले होते, आणि तसेच राहिले. मातीला पोचण्याएवढा वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी लोक बसायला येणार होते आणि ऊन कडक होतं.

"मंडप कुणाला सांगितलाय?" सुरेखाने विचारलं.

"माहीत नाही."

"आता सांगायची गरज न्हाई," ती म्हणाली, आणि पदर खोचून खुर्च्या काढायला लागली.

अण्णा आले. कोण गेलं ते त्यांनी विचारून घेतलं. "तो लंगडा म्हातारा?" एवढंच म्हणाले. मग त्यांनी स्वतः जनरेटर हुकाला अडकवला, खीळ घातली, आणि ती नीट बसली का हे हाताने दोनदा ओढून पाहिलं.

पहाटेच निघालो. सुरेखा चालवत होती, मी शेजारी. मुखेडकडच्या चढावर, अर्ध्यावर, सुरेखाने गाडी थांबवली. कारण काही नव्हतं. समोरून कुणी येत नव्हतं. तिने हँडब्रेक ओढला आणि दोन्ही पाय वर घेतले. गाडी भरलेली होती आणि उभी होती.

सीटच्या मागे ठोकळा होता. तो घेऊन चाकापाशी बसणारा माणूस आता नव्हता, म्हणून मी उतरलो. मागे गेलो. उकिडवा बसलो आणि ठोकळा चाकाला टेकवला. त्याच्या वरच्या बाजूला दोन हातांच्या जागा गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांवर मी माझे हात ठेवले. गाडी तसूभरही हलली नव्हती, तरी मी दाबून धरला, आणि सुरेखाने हॉर्न वाजवेपर्यंत तिथेच बसून राहिलो.