मीनलला समुद्रात ऊब लागली

"मावशी, आई गेली," एवढंच इरा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी पोहे भिजवून ठेवले होते, ते तसेच राहिले. मीनल जाणार हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं, तिला तर सगळ्यांच्या आधी. डॉक्टर होती ना ती. तरीही मी ओट्याला टेकून लहान मुलीसारखी रडले. मीनल गेली म्हणून तर रडलेच, पण तिच्या लेकीचा आवाज इतक्या महिन्यांनी कानावर पडला आणि तोही असा, याचंही रडू होतं त्यात. इरा माझ्याशी एप्रिलपासून बोलत नव्हती. एप्रिलमध्ये मी तिच्या आजारी आईला समुद्रावर घेऊन गेले होते, आणि तिच्या कमरेला माझ्या हातांनी शिसं बांधलं होतं. त्याबद्दल लिहायचं म्हणूनच आज बसले आहे. मीनलबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. हे मात्र मीच लिहू शकते.

आमची ओळख भांडणातून झाली. इथे विलायतेतल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला मी वॉटफर्डहून आमटीचं पातेलं घेऊन गेले होते, आणि रांगेतली एक उंच, सावळी बाई चमच्यानं चाखून मोठ्यानं म्हणाली, "आमटी आहे का पाक आहे बाप्पा हा?" मी पुण्याची. मी काय ऐकून घेणार? म्हटलं, "नागपूरच्या दिसता. जिभेची चव मिरच्यांनी जळून गेली असेल तुमची." ती इतकी खदखदून हसली की तिच्या हातातली प्लेट कलंडली. पुढच्या रविवारी बेसिंगस्टोकहून वडाभाताचा डबा घेऊन दारात हजर! तेव्हापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि तीस-एक वर्षं आम्ही एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवत सुखानं जेवलो.

मीनल भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशन टेबलावर झोपवलेल्या माणसाच्या श्वासाकडे लक्ष ठेवणं हे तिचं काम. मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, लोकांच्या कचऱ्याच्या बिनच्या तक्रारी ऐकणारी. ती म्हणायची, "वसू, तुझी माणसं बोलतात तरी. माझी सगळी झोपलेली." श्रीकांत, म्हणजे तिचे यजमान, अचानक गेले तेव्हा इरा नुकतीच युनिव्हर्सिटीत गेली होती. घर एकदम रिकामं झालं. आम्हाला वाटलं, आता ही भजनाला लागेल, नाहीतर बागकाम करेल. बाईसाहेबांनी काय करावं? हॉस्पिटलातल्या कोणा सहकाऱ्याबरोबर समुद्रावर गेल्या आणि स्पिअरफिशिंग शिकून आल्या! म्हणजे पाठीला हवेची टाकी नाही, काही नाही. श्वास रोखून खाली जायचं, खडकाआड दबा धरून बसायचं, आणि मासा समोर आला की रबरावर ताणलेला बाण सोडायचा. पन्नाशी उलटलेली बाई! तीही नागपूरची, जिनं लग्नापर्यंत समुद्र बघितला नव्हता!

"अगं, पण काहून?" मी तिच्याच भाषेत विचारलं.

"खाली कोणी काही विचारत नाही गं," ती म्हणाली. "आणि जन्मभर दुसऱ्यांचा श्वास सांभाळला. आता स्वतःचा बघून राहिली..."

मी पडले शाकाहारी, पोहता न येणारी. तरी डॉर्सेटच्या त्या गोट्यागोट्यांच्या किनाऱ्यावर फोल्डिंगची खुर्ची टाकून बसायचं काम माझंच झालं. पाण्यात तिच्याबरोबर ग्रॅहम असायचा, निवृत्त पोस्टमन, शांत माणूस. त्यांचा नियम कडक होता: एक जण खाली असला की दुसऱ्यानं वर राहून बघायचं. एकटीनं ती कधीही उतरली नाही, हे इथे मुद्दाम लिहिते. मी लांबून त्यांच्या पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी फ्लोटकडे बघत बसायची आणि स्वेटर विणायची. ती बाहेर आली की मासा बघून मी तोंड फिरवायची, आणि ती तो मुद्दाम माझ्या नाकासमोर धरायची. मग मी किंचाळायची. हा कार्यक्रम दर वेळी व्हायचा, आणि ग्रॅहमला वाटायचं की आमचं खरंच भांडण चाललं आहे.

मग आजार आला. नाव लिहीत नाही. तिला ते घरात उच्चारलेलंही आवडायचं नाही. केमो झाली, वजन उतरलं, आणि तिला थंडी वाजायला लागली. आपल्याला वाजते तशी नाही. घरात हीटिंग पूर्ण वाढवलेलं, अंगावर दोन दुलया, पोटाशी गरम पाण्याची पिशवी, आणि ही आतून कुडकुडते आहे. मला घाम फुटायचा त्या खोलीत. "हाडं गार पडली गं," म्हणायची. "मे महिन्यात आम्ही गच्चीवर झोपायचो नं, तेव्हा गादीसुद्धा भाजायची. ती गादी दे मला कोणी आणून..." मी तिचे तळपाय मांडीवर घेऊन चोळत बसायची. ते गरमच होत नसत. मला इतका राग यायचा त्या पायांचा!

मार्चअखेर डॉक्टरांनी सांगितलं की औषधांचा आता उपयोग नाही. त्यानंतर चार-पाच दिवसांत तिच्या घरी एक भलंमोठं खोकं आलं. आत वेटसूट, पाण्यात अंगाची ऊब धरून ठेवणारा पोशाख. काळा, सात मिलिमीटर जाडीचा, टोपीवाला. जुना सूट पातळ होता, त्यात आता तिचा निभाव लागला नसता. मी म्हटलं, "हे काय नवीन खूळ?" ती म्हणाली, "टेस्ट करायचा आहे." जणू घरात नवा मिक्सर आला होता. "बास माशाच्या शिकारीवरची बंदी उठली आहे. एकदा पाण्यात जायचं आहे मला, वसू. इराला विचारलं तर ती नाहीच म्हणेल. तू नेशील?"

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. तिथल्या तिथे हो म्हटलं. कारण कित्येक महिन्यांनी तिनं 'नको' सोडून दुसरं काही म्हटलं होतं.

त्या दिवशी ऊन होतं, पण वारा बोचरा. हा सूट आतून रबरासारखा चिकट असतो. कोरडा घालायला गेलं तर कातडी सोलून निघेल. म्हणून साबणाचं कोमट पाणी अंगावर आणि सुटाच्या आत ओतून मग तो चढवायचा. मी दोन थर्मास नेले होते, एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात आल्याचा चहा. दोन्ही एकाच दुकानातले, एकाच रंगाचे. पुढचं सांगायलाच नको... मी अख्खा चहा तिच्या पाठीवरून सुटात ओतला. नशीब, तो कोमट झाला होता! "वसू," ती हुंगत म्हणाली, "साबणात आलं घातलं का गं तू?" मग माझ्या लक्षात आलं. आम्ही दोघी हसून हसून गोट्यांवर बसलो. ग्रॅहम बिचारा विचारतो, काय झालं? त्याला काय सांगणार, कपाळ! शेवटी साबणाच्या पाण्यानं तो चहा धुतला, आणि तिला त्या सुटात कोंबलं. तिचे खांदे माझ्या हाताला लागले तेव्हा माझं हसू थांबलं. इतके बारीक झाले होते ते.

ती पाण्यात गेली आणि बुडेचना. खाली जायला डोकं घाली, की पाय वर. पुन्हा प्रयत्न, पुन्हा पुरीसारखी टम्म वर. जाड सूट जास्त तरंगतो, आणि बाईसाहेबांनी जुन्या पातळ सुटाच्या हिशोबानं शिशाचा पट्टा बांधला होता. त्यात स्वतःही हलकी झालेली. माणसाच्या वजनावरून भुलीचं औषध ठरवण्यात जिचा जन्म गेला, तिनं स्वतःचंच वजन धरलं नाही! ती धापा टाकत कडेला आली. "आणखी शिसं लागेल. पिशवीत आहे. पट्टा काढून ओवून दे." तिच्या बोटांत बळ नव्हतं आणि ग्रॅहम फ्लोट धरून पाण्यात होता. राहिले मी.

मी ते शिशाचे तुकडे हातात घेतले. लहानसे दिसतात, पण काय जड असतात! गुडघाभर पाण्यात मी उभी, बुटांत पाणी गेलेलं, आणि समोर माझी मरायला टेकलेली मैत्रीण, जिला मी खाली जायला वजन बांधून देणार. माझे हात चालेनात. "मीनल, पुरे झालं गं. घरी जाऊ," मी म्हटलं. ती रागावली नाही. माझा हात धरून तिनं तो पट्ट्याच्या बकलावर ठेवला. "हे बघ. एका हिसक्यात सुटतं. मी मरायला नाही चालली बाप्पा. मी मासे बघायला चालली." मी ओवलं. बांधलं. बकल एकदा उघडून, पुन्हा लावून बघितलं. मग म्हटलं, "जा."

ती गेली. पाणी पुन्हा सपाट झालं. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. विणकाम हातात घ्यायचंही सुचलं नाही. आणि मग ती वर आली, बाण तसाच, मासा नाही. ग्रॅहमनं काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. किनाऱ्याकडे येताना ती ओरडत होती, मला आधी शब्द ऐकू येईनात. मला वाटलं, काही झालं! मी कमरेपर्यंत पाण्यात घुसले. मग ऐकू आलं. "वसू! ऊब आहे! वसू, मला ऊब लागून राहिली गं!"

त्या बर्फासारख्या पाण्यात माझे दात वाजत होते, आणि ती लाल झालेल्या चेहऱ्यानं हसत होती. समोर मोठा बास आला होता म्हणे, हातभर अंतरावर. तिनं बाण सोडलाच नाही. "इतक्या दिवसांनी अंग गरम झालं, मग मी तशीच पडून राहिली. तो पण बघत राहिला." ती आणखी दोन-तीनदा खाली गेली. बाहेर आल्यावरही सूट काढू देईना. गाडीत बसेपर्यंत अंगात तसाच ठेवला.

त्याच आठवड्यात तिला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हा आजाराचाच भाग, कधीही झाला असता. पण इराला ते कसं पटावं? ती स्लाऊहून धावत आली होती. वॉर्डबाहेर तिनं मला गाठलं. "तिच्या अंगावर लेड बांधला तू! लेड, मावशी! हाऊ कुड यू?" मी सांगायला गेले, ऊब लागली गं तिला, एवढं तर... "डोन्ट," ती म्हणाली. त्यानंतर शब्द बंद. मीनल त्यातून बरी होऊन घरी आली, उन्हाळाभर होती, आणि इरा तिच्याजवळ राहायला आली. पण मी इरा कामावर असताना जायची आणि ती यायच्या आत निघायची. मीनलनं दोघींना समजावून बघितलं, मग तिचीच ताकद संपली. अंत्यविधीला इरानं माझ्याकडे बघितलं नाही. तिला जन्मल्यापासून मी खेळवलं आहे. फार लागलं मला ते. पण मी चुकले असं तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आपलं माणूस महिनोन् महिने कुडकुडताना बघा, मग मला बोला.

गेल्या शनिवारी इराचा फोन आला. "मावशी, मी घर आवरतेय. येशील?" मी कोटाची बटणं न लावताच निघाले. बेसिंगस्टोकच्या त्या घरात हीटिंग बंद होतं, गारठा होता. इरा वरच्या बाथरूमच्या दारात उभी होती, नाक लाल, बाह्या हातांवर ओढलेल्या. शॉवरच्या दांडीवर तो सूट लटकत होता, कडक, काळा. "सगळ्या रूम झाल्या," ती म्हणाली. "हा माझ्याकडून काढला जात नाही."

मी सुटाची बाही हातात घेऊन बघितली. मग तिनंच विचारलं, अगदी हळू, "आईला खरंच गरम वाटलेलं? का तू मला बरं वाटायला म्हणत होतीस?"

"सांगून काय कळणार तुला?" मी म्हटलं. "कपडे काढ."

"व्हॉट?"

"काढ म्हणते ना! लहानपणी आंघोळ घातली आहे तुला, माझ्यासमोर काय लाजतेस?" मी बादलीत गरम पाणी सोडलं, त्यात शाम्पू ओतला. ती वेड्यासारखी बघत राहिली, पण ऐकलं तिनं. खांद्यांवरून, पाठीवरून मी पाणी ओतत गेले आणि सूट ओढत गेले. आईच्या रोडावलेल्या अंगाच्या मापाचा तो तिला फारच घट्ट बसला. हनुवटीखाली टोपी सारखी केली. ती तशीच टबात उभी राहिली, हात अंगापासून लांब धरून, कानांवरून फेस ओघळतोय. मी म्हटलं, "जरा थांब. लगेच नाही लागत."

ती थांबली. हळूहळू तिचे खांदे खाली आले. मग ती टबात खाली बसली, गुडघे पोटाशी घेतले, आणि पहिल्यांदाच, आई गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच, मोठ्यानं रडायला लागली. मी टबाच्या कडेवर बसून तिच्या टोपीवरून हात फिरवत राहिले. बराच वेळ गेला. फेस वाळला. खिडकीबाहेर कुणी गाडी लावत होतं.

"काढू का आता?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. "नको मावशी. अजून नको."