पायरीवरच्या चपला

बाजारपेठेतल्या त्या जुन्या दगडी इमारतीत पूर्वी कापडाचं दुकान होतं. पांढऱ्या गादीवर बसून लुगडी बघायची, म्हणून चपला पायरीवर काढायची रीत. आमच्या लग्नातला शालू तिथलाच. काल मोबाइलची काच बदलायला मी तिथेच गेलो. पाटी नवी, दार काचेचं, आणि या शहाण्याने सवयीने चपला पायरीवर काढल्या!

"काका, देऊळ नाही हे," काउंटरवरची मुलगी हसली. "चपला घालूनच यायचं. ती पायरी तर सोमवारी फोडणारच आहोत, लोक अडखळतात."

मी ओशाळून मागे पाहिलं. पिढ्यांच्या पावलांनी पायरी मधोमध खोलगट झाली होती. फोडू नका म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "काचेला किती वेळ लागेल?" असा आमचा बाणेदारपणा.

फोन घेऊन बाहेर आलो, तर माझ्या चपलांशेजारी आणखी एक जोड नीट लावून ठेवलेला. वळून पाहिलं. थंडगार फरशीवर एक आजीबाई अनवाणी उभ्या होत्या आणि मुलगी त्यांनाही सांगत होती, "आजी, देऊळ नाही हे."

मी चपला हातात घेतल्या आणि पायरी अनवाणीच उतरलो.