गांधीलमाशीची मयत

नाविलाउ गावात कुणी जन्मो, कुणी मरो, गावाच्या वतीने बोलणार अपिसाईच. जन्म-मयतीला मानाने द्यायचा व्हेलचा दात दोन्ही हातांत धरून तो चटईवर बसला की कोंबड्यासुद्धा गप्प व्हायच्या. पाण्याची नवी टाकी आली तेव्हा त्याने टाकीचं आजोळसुद्धा सांगितलं होतं.

आज मात्र त्याला घाम फुटला होता. राजधानी सुवाहून आलेल्या कीटकवाल्या लितियाबाईंनी जंगलात जाळीचा तंबू लावून तिळाएवढ्या गांधीलमाश्या पकडल्या. त्यांचा वंश जगाला ठाऊकच नव्हता, म्हणून बाईंनी कौतुकाने त्याला गावाचंच नाव दिलं. झालं! गावाचं नाव लावते म्हणजे घरचीच की. आणि घरची मंडळी बाटलीत मरून पडलेली.

"मयत झाल्याशिवाय बाटली सुवाच्या ट्रकमध्ये चढणार नाही," गावचे प्रमुख रातू गरजले. "अपिसाई, तुला जमत नसेल तर आजपासून साकिउसा बोलेल."

साकिउसा म्हणजे अपिसाईचा मेहुणा. बहिणीच्या लग्नाला आला होता तो अजून परतायचाच होता. "दाजी, घसा बसलाय का? मी आहे हं," तो मागून गोड आवाजात म्हणाला.

अपिसाई लितियाकडे वाकला. "पोरी, मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं लागतं. हिचं काहीतरी चांगलं सांग."

"काका, ही अळीच्या पोटात अंडं घालते. पिल्लू अळीला आतून खातं."

"सगळी?"

"सगळी. मग बाहेर पडतं."

"अगं, चांगलं सांग म्हटलं ना!"

तोवर विधीत प्यायची यांगोना मुळं कुटून पाण्यात कालवून झाली होती. बायकांनी गळे काढले. कोण गेलं ते एकमेकींना विचारून घेतलं आणि मग आणखी मोठ्याने काढले. अपिसाईने दात उचलला.

"मंडळी, आपल्यात नातेवाइकाने मागितलं तर नाही म्हणत नाहीत. माझा शर्ट बघा, साकिउसाच्या अंगावर आहे. ही लेकसुद्धा अळीच्या दारी गेली. म्हणाली, ताई, जरा पोट देतेस? अळी म्हणाली, घे बाई. म्हणाली, आता काळीजही लागेल. अळी म्हणाली, तेही घे. शेवटी अळी उरली नाही, पण नाही म्हणाली नाही! असं हक्काने मागणारी पोर आपल्याच गावची!"

सगळ्यांनी साकिउसाकडे पाहिलं. "किती खरं बोलता हो, दाजी!" त्याने हुंदका दिला आणि अपिसाईच्या शर्टाला नाक पुसलं.

रातूंचेही डोळे भरून आले. "पण मग अळीही मोठ्या मनाची. तिचीही मयत व्हायला हवी. मयतीचा दात माहेरच्यांना द्यायचा असतो. तिच्या माहेरच्यांतर्फे तो कोण घेणार?"

"मी..." म्हणत साकिउसा उठू लागला.

त्याआधीच अपिसाईने दात खाली ठेवला, गुडघ्यांवर सरकत तो समोरच्या चटईवर गेला, वळून बसला आणि दात स्वतःच स्वीकारला.

"आम्ही अळीकडचे," तो परक्या माणसासारखा म्हणाला. "फार लांबून आलोय."