तापीवरचे मुक्काम

तापीत तराफा सोडून थेट प्रकाशा या तीर्थगावापर्यंत जायचं, हे खूळ शिरपूरच्या मित्राचं. ट्रकच्या जुन्या ट्यूब, त्यावर बांबू, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, झालं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही तिघे जळगावात नोकरीला, तिघेही बिनलग्नाचे, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. संक्रांतीनंतर पाणी संथ असतं, तेव्हा निघायचं ठरलं. पिंप्राळ्यात माझ्या खोलीवर दर रविवारी बैठक भरायची आणि चहा संपला की काहीही पक्कं न होता मोडायची.

तिसरा मित्र यावलकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. तो मात्र हात धुऊन या कामाच्या मागे लागला होता. नकाशावर त्यानं काठचं प्रत्येक गाव मुक्कामाला धरलं. आम्हाला माणूस दिसणार नाही असा काठ हवा होता, आणि हा शोधून शोधून वस्ती काढत होता.

"इतला गावे कसाले रे?" शिरपूरकर वैतागला. "आपले पानीवर जानं शे का बजार करानं शे?"

आम्ही आपसांत अर्थ लावून टाकला. आमच्या खानदेशात सोयऱ्याच्या गावावरून चहा न घेता पुढे गेलं, तर पुढच्या प्रत्येक लग्नात त्याचा उद्धार होतो. याचे सोयरे तर दोन्ही काठांवर पसरलेले. मी म्हणालो, "तुला नदी नकोय, पंगत हवीय." तो हसला नाही. मला रागच आला. थट्टा न सोसणाऱ्या माणसाबरोबर पाण्यावर दिवस काढायचे म्हणजे शिक्षाच.

ट्यूब बघायला म्हणून आम्ही त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील नाहीत, एवढं आम्हाला माहीत होतं. पण त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मी आणि शिरपूरकर एकमेकांकडे बघत राहिलो.

मग केळीच्या बागेत नेऊन त्यानं सांगितलं. काही वर्षांपूर्वी तापीला पूर येतोय म्हटल्यावर वडील काठावरची पाण्याची मोटर काढायला धावले. इथले सगळेच धावतात. पूर ओसरल्यावर मोटर चिखलात सापडली. वडील सापडले नाहीत. भाऊबंद म्हणत होते, पुतळा करून जाळा, दिवस घाला. आई ऐकत नव्हती. कोणीतरी त्यांना वर काढलंय, त्यांना घर आठवत नाहीये, एवढंच ती धरून बसली होती. याला गावोगाव वडिलांचा फोटो दाखवायचा होता.

"बेवारस प्रेताला गाववालेच अग्नी देतात," तो म्हणाला. "कुठं दिला, तेवढं तरी कळेल."

"बठ्ठा गावे लेऊत, एक बी सोडानं नही," शिरपूरकर म्हणाला. त्यानंतर तो मुक्कामांवरून कधी बोलला नाही.

जेवताना मात्र शिरपूरकराच्या तोंडून ते निसटलं. आईला धीर द्यावा म्हणूनच तो म्हणाला असणार, "मावशी, काळजी करू नका, आम्ही नदीनं सगळी गावं पालथी घालू." भाकरी वाढता वाढता तिचा हात थांबला. मुलगा नदीतून जाणार, हे तिला तेव्हा कळलं.

"तू नही जायाचं," ती मुलाला म्हणाली.

"माय, मले इचारनंच हाये. असं अर्धवट नही राहवत आता."

ती भाकऱ्यांची टोपली खाली ठेवून आत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळ रिकामं होतं, पुसून पुसून लाल झालेलं.

"तुहा बाप गेला," ती म्हणाली. "आता कोणाले इचारू नको. पान्यात जाऊ नको."

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. पोरगा वाचावा म्हणून त्या बाईनं आमच्या समोर, ताटांपुढे, नवरा सोडून दिला होता. मित्र ओंजळीत तोंड घालून रडला. ती रडली नाही. तिनं आम्हाला वरण वाढलं आणि आम्ही ते मुकाट्यानं खाल्लं.

त्याच आठवड्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून तापीकाठी जाळला. बाया मसणात येत नाहीत. ती आली, आणि तिला परत पाठवायची कोणाची हिंमत झाली नाही. अग्नी दिल्यावर नदीत अंघोळ करायची असते. मित्र पाण्याकडे निघाला, तशी ती आम्हा दोघांवर ओरडली, "धरा रे त्याले!"

पाणी जेमतेम गुडघाभर होतं. आम्ही दोन्ही बाजूंनी त्याचे हात घट्ट धरले आणि तसंच वाकवून त्याला अंघोळ घातली.