मसुदा माझा, सही त्यांची

माझ्या हातून झालेला सर्वांत मोठा गाढवपणा मी साठी उलटल्यावर केला, म्हणजे अल्लड वयाच्या नावावर खपवायची सोय नाही. नातीला परदेशी नेण्यासाठी तिच्या बापाची लेखी संमती हवी होती. तो कागद मी स्वतः लिहिला, आणि इतका झकास लिहिला की सही करायला आलेला माणूस तो वाचून निघून गेला.

राज्याचे दोन तुकडे होत होते ती वर्षं. त्याआधीच माझी लेक आणि जावई वेगळे झाले होते. आरडाओरडा नाही, काही नाही. लेक नातीला घेऊन हैदराबादेतच अंबरपेठेला माझ्याकडे आली, जावई चिक्कडपल्लीला राहिले. दर रविवारी ते पोरीला न्यायचे, संध्याकाळी आणून सोडायचे आणि फाटकाबाहेरूनच "येतो आई" म्हणायचे. मग लेकीला जर्मनीत नोकरी लागली. व्हिसाच्या लोकांनी सांगितलं, वडिलांनी नोटरीसमोर सही केलेलं संमतिपत्र असल्याशिवाय मुलीचा अर्ज घेणार नाही. लेकीने जावयांना फोन केला. ते म्हणाले, "कागद तयार कर. करतो सही."

एवढं सोपं होतं. लेक म्हणाली, "आई, नमुने मिळतात कंप्यूटरवर, एक काढते."

"वकिलाच्या घरात नमुने बाहेरून आणायचे?" मी कडाडले. माझे वडील वकील, आजोबा वकील, काका महसुलात. आमच्या घरच्या मुलींना भरतकाम येवो न येवो, अर्ज लिहिता यायचाच. मी कपाटातून वडिलांच्या हातचा एक जुना मसुदा काढला आणि त्यावरून दोन पानं रचली. कागद अर्थातच इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असा: 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, सदर अल्पवयीन मुलीस परदेशी नेण्यास संमती देत असून, यापुढे माझी किंवा माझ्या वारसांची तिच्यावर कोणतीही हरकत वा दावा राहणार नाही.' वाचून मीच खूश. वडील असते तर पाठ थोपटली असती, असंसुद्धा त्या साठीच्या पोरीला वाटून गेलं.

सुलतान बाजारातल्या नोटरीकडे जावई ऑफिसातून परस्पर आले. उभ्याउभ्याच वाचलं. पुन्हा वाचलं.

"मसुदा कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं, आणि कौतुकाची वाट पाहत उभी राहिले.

"ती सुट्टीत परत येईल, हे कुठे आहे?"

"अहो, ते काय लिहायचं? ते तर आपल्याला ठाऊकच आहे."

"मग माझा दावा राहणार नाही, हे तेवढं कशाला लिहिलंत?" त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "आणि आई, माझी वारस कोण आहे? तीच ना?"

ते जिना उतरून गेले. नोटरी माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्मा, साब तो चले गए. अब ठप्पा किसपे मारूँ?"

घरी चप्पल काढताना लेक म्हणाली, "तुझ्या वकिलीपायी माझी पोर इथेच राहणार बघ."

मग मी वडिलांचा तो मसुदा घेऊन बसले. भाषा सुरेख म्हणून उचलला होता; भाषा कशासाठी लिहिलेली आहे, ते पाहिलंच नव्हतं. ते हक्कसोडपत्र होतं. माझंच. लग्नानंतर बहिणींनी घरातला वाटा भावांच्या नावे सोडायचा, ही आमच्याकडची रीत. नव्या साडीत बसून, आपण कोण दानशूर अशा चेहऱ्याने मी त्यावर सही केली होती आणि वर पेढा खाल्ला होता. येडी! त्यानंतर त्या घरी गेले की वहिनीला विचारून माठातलं पाणी घ्यायचे. आणि आता त्याच कागदातलं घर खोडून मी तिथे मुलगी घातली होती.

"मी जाते त्यांच्या ऑफिसात," मी लेकीला म्हटलं.

"नक्को, आई. आणखी बिघडवशील."

"बिघडवलं मी, निस्तरणारही मीच."

जाताना डबा नेला नाही. सासूने लाडू घालून सही घेतली, असं म्हणायला वाव नको. सरकारी ऑफिस ते, त्याचीही वाटणी चाललेली; सगळीकडे फायलींचे गठ्ठे, कपाटांवर चिठ्ठ्या: हे इकडच्या राज्याचं, ते तिकडच्याचं. जावयांनी एका खुर्चीवरचा गठ्ठा उचलून मला बसायला दिलं.

"तुमचं काय ठरलं? इकडे की तिकडे?"

"कपाटांचं ठरलंय. माणसांचं बाकी आहे."

"मी चुकले," मी म्हटलं. शाळेत आयुष्यभर मुलांच्या चुका काढल्या, स्वतःची बोलायला जीभ जड झाली. "तुम्ही सांगा, मी लिहिते. या वेळी एक शब्द माझा नाही."

"परवा बघू, आई. आज फार काम आहे."

"परवा नाही. मी जेवून आलेय, औषधं पर्समध्ये आहेत. संध्याकाळपर्यंत बसते."

त्यांना हसू आलं. मग त्यांनी सांगितलं, मी आधी मराठीतच उतरवून घेतलं. पोरीचं पूर्ण नाव. तिचा बाप म्हणून त्यांचं नाव. दर उन्हाळ्याची सुट्टी हैदराबादेत. दर रविवारी फोन. शाळा बदलली, दुखलंखुपलं, तर त्यांना आधी कळवायचं. खाली आईचीही सही. सवयीने माझा हात 'राजीखुशीने' लिहून गेला.

"ते काढा," ते म्हणाले.

"अहो, तशी पद्धत असते."

"राजी आहे, आई. खुशी कुठून आणू?"

मी ते खोडलं. घरी त्याचं इंग्रजी केलं आणि लेकीने कागद वाचला. उन्हाळ्याच्या ओळीवर थबकली, कारण तिकडची सुट्टी इकडच्यासारखी लांब नसते. "असेल तेवढी सगळी," मी म्हटलं, "एक दिवस कापायचा नाही." तिने मान हलवली आणि सही केली.

नोटरीकडे या वेळी जावई बसून वाचत होते. सही केली, शिक्का पडला. खाली उतरलो तर बाजारात ही गर्दी. लेक रिक्षा बघायला पुढे गेली. जावई माझ्याजवळ थांबले आणि बसगाड्यांकडे बघत म्हणाले, "सोडायला मी विमानतळावर येणार नाही, आई, मला झेपणार नाही. पण उन्हाळ्यात आणायला मीच येणार, तुम्ही लोकांनी मागे उभं राहायचं. आणि हे काही कुठे लिहून ठेवू नका."