आमचा शिकागो

त्याला सगळा गाव शिकागो म्हणायचा, आणि शिकागोला तो आयुष्यात कधी गेला नव्हता. अमेरिकेतलं आमच्या गावाला ठाऊक असलेलं ते एकच शहर, म्हणून ते त्याच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला तो दुरुस्त करायचा. "अरे, मी पार पश्चिमेला होतो. शिकागो तिथून दोन दिवस आगगाडीने." मग त्याने ते सोडून दिलं. "कोणी एक खलाशी हिंदुस्थान शोधायला निघाला, भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तिथल्या माणसांना इंडियन म्हणून मोकळा झाला," तो म्हणायचा. "ते बिचारे पाचशे वर्षं तेच नाव घेऊन जगतायत. मला शिकागो म्हटलं तर माझं काय बिघडलं?"

खरं नाव इनास. वसई आणि नालासोपारा यांच्या मधल्या आमच्या गावात, आमच्या वाडीला लागूनच त्याच्या थोरल्या बहिणीची, रोजाबायची, केळीची वाडी होती. तिच्या घराच्या मागच्या खोलीत, दाराशी चाफा होता तिथे, तो एकटा राहायचा. आम्ही त्याला इनासकाका म्हणायचो आणि एकेरीच बोलायचो, म्हणून इथेही तो एकेरीच येईल. बोलायचा आमच्या घरच्या बोलीत. ती कागदावर उतरवली की तिचा सूर जातो, म्हणून त्याचं बोलणं छापील मराठीत देते आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो आगबोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका बंदरात उतरला तो परत बोटीवर चढलाच नाही. लाकूडतोड्यांच्या छावणीत त्याने रांधलं, मग मासे डब्यात भरायच्या कारखान्यात खपला. सात-आठ वर्षांनी त्या कारखान्यात संप झाला. हा पुढे उभा राहिला आणि सरकारने त्याला पकडून बोटीत घालून परत पाठवला. "माझ्याकडे कागद नाहीत हे त्यांना इतकी वर्षं दिसलं नाही," तो म्हणायचा. "लाल बावटा हातात घेतल्यावर एकदम नजर सुधारली."

तो आला तो रिकाम्या हाताने. ना फोटो, ना घड्याळ, ना एखादा कोट. गावाने ते कधी माफ केलं नाही. पुढे आमच्याकडची मुलं बहारीनला जाऊ लागली, दोन वर्षांनी टेपरेकॉर्डर आणि नायलॉनच्या साड्या घेऊन येऊ लागली, तेव्हा तर लोक उघडच म्हणू लागले की शिकागो कुठला अमेरिकेला गेलाय, मुंबईच्या गोदीत दडून बसला असेल. फिलिप नावाचा एक बहारीनवाला त्याला रस्त्यात अडवून विचारायचा, "काय शिकागो, आमच्यासाठी काय आणलंस?" काका म्हणायचा, "माहिती आणली. घेतोस?" फिलिपला माहिती नको असायची.

मला हवी असायची. मी तेव्हा चर्चच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. संध्याकाळी ओट्यावर वह्या तपासत बसले की काका येऊन माझं इतिहासाचं पुस्तक उघडायचा आणि वाचता वाचता हसू लागायचा. अमेरिकेच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाचं नाव तो घ्यायचा नाही, खुणेने सांगायचा. पहिला म्हणजे "ज्याच्या तोंडात गुलामांचे दात बसवले होते तो". 'सर्व माणसे समान आहेत' हे वाक्य आलं की विचारायचा, "हे ज्याने लिहिलं त्याच्या घरी तेव्हा पंखा कोण ढाळत होतं, ते पुस्तकात आहे का गं?" नव्हतं. राजकारणावर त्याचं मत एका वाक्याचं होतं: "तिथे दोन पक्ष आहेत, एक शेठजींचा आणि दुसराही शेठजींचाच, फक्त दुसरा निवडणुकीला मजुराच्या खांद्यावर हात ठेवतो." व्हिएतनाममधून त्यांची शेवटची विमानं उडाल्याची बातमी आली, त्या दिवशी त्याने रोजाबायकडून खास सांदणं करवून घेतली आणि आमच्या घरी आणून दिली. आईने विचारलं, "आज कसला सण?" तो म्हणाला, "एक पाहुणा न बोलावता आला होता, तो गेला एकदाचा."

पण खरा गंभीर तो व्हायचा झाडांवर आणि जनावरांवर बोलताना. तिथे असे वृक्ष होते म्हणायचा, की एक तोडायला दहा माणसांना आठवडा लागे, आणि त्यांची दुपारची सावली पडे ती पलीकडच्या टेकडीवर. "दोन हजार वर्षांचं झाड. प्रभू येशू जन्माला आला तेव्हा ते रोप असेल. आम्ही त्याचे रुळाखालचे ओंडके केले. मी त्या लोकांना भाजी-भाकर करून घालत होतो, म्हणजे मीही तोडलंच." रानगव्यांचं सांगायचा: गोळ्या घालून लाखांनी मारले, कशासाठी, तर त्यांच्यावर जगणारी माणसं उपाशी मरावीत म्हणून. मग उरलेल्या रानातून माणसं हाकलली, भोवती कुंपण घातलं, दाराशी तिकीट लावलं आणि पाटी लिहिली: इथे निसर्ग आहे. आमच्या बांधावर गाजर गवत माजलं होतं. ते अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं असं तेव्हा सगळेच म्हणत. काका रोज सकाळी ते उपटायचा. मी म्हणायचे, "हाताला खाज सुटेल." तो म्हणायचा, "सुटू दे. यांना परत पाठवायचं काम कोणीतरी केलं पाहिजे ना."

दर गुरुवारी तो अर्नाळ्याची एसटी पकडायचा. सुकी मासळी हे निमित्त. तिथे किनाऱ्यावर वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत घातलेले असत, त्यांच्याशेजारी तो कोळणींबरोबर तासन्‌तास बसे. एकदा मीही गेले होते. तेव्हा कळलं की तिथे तो राजकारण बोलतच नाही. तो एका धबधब्याविषयी बोलतो. तिकडे एका मोठ्या नदीवर धबधबा आहे, सप्टेंबरात, आपल्या मोतमावलीच्या सणाच्या सुमारास, हातभर लांबीचे मासे समुद्रातून येतात आणि उड्या मारत तो धबधबा चढतात. काठावरचे लोक लाकडी फळ्यांवर उभे राहून त्यांना जाळ्यात झेलतात आणि बाया ते चिरून अशाच मांडवावर वाळवतात. एक म्हातारी कोळीण पोट धरून हसली. "पानी खाली येतंय न मासा वर जातंय? शिकागो, तू कवा शुद्धीवर असतंस रं?" काकाही हसला. पण एसटीत परत येताना खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आत्ता चढत असतील. तिचा मांडव भरला असेल."

"तिचा म्हणजे कोणाचा?" मी विचारलं.

"मासे वाळवायची," एवढंच तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, आपण होऊन: "मला तुरुंगात ठेवलं होतं तेव्हा सुका मासा बांधून घेऊन आली होती. आत सोडलं नाही. मी निरोप पाठवला की पुढच्या हंगामाला येतो."

हे ऐकूनही माझा त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मग शाळेत एक पाहुणा येणार असं ठरलं. शाळेच्या नव्या वर्गांसाठी मदत करणाऱ्या एका परदेशी संस्थेचा माणूस, साठीचा, अमेरिकन. त्याच्या भाषणाचं मराठी करायचं काम फादरनी माझ्याकडे दिलं होतं. फिलिप आणि त्याचे मित्र म्हणू लागले, "शिकागोला उभा करा ना. तीस वर्षं अमेरिका अमेरिका करतोय, होऊन जाऊ दे." त्यांना त्याची फजिती बघायची होती. मी फादरना जाऊन सांगितलं की माझं इंग्रजी कच्चं आहे, इनासकाकाला सांगा. माझं इंग्रजी कच्चं होतं हे खरंच. पण मलाही एकदा बघायचं होतं.

शाळेच्या अंगणात दुपारी गाव जमला. काका इस्त्रीचा सदरा घालून पाहुण्याशेजारी उभा राहिला. पाहुणा भला माणूस होता, सावकाश बोलत होता. काकाने ऐकलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "पाहुणे म्हणतात, त्यांच्या आजोबांनी ओसाड जमिनीवर शेती उभी केली. ओसाड होती हे पाहुण्यांचं म्हणणं. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही." लोक हसले. फादर खाकरले. पाहुणा पुढचं बोलला. काका म्हणाला, "म्हणतात, आमचा देश शेजाऱ्यांबरोबर वाटून खाणारा आहे. मेक्सिको त्यांचा शेजारी. अर्धा वाटून खाल्ला." आता बायकाही पदरात तोंड लपवून हसू लागल्या.

आपण विनोद केलेला नसताना लोक हसतायत हे पाहुण्याच्या लक्षात आलं. त्याने काकाकडे वळून इंग्रजीत विचारलं, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?" काकाने जसंच्या तसं सांगितलं. आता नवे वर्ग हातचे गेले, असं मला वाटलं. पण पाहुण्याने मान हलवली. "खोटं नाही ते," तो म्हणाला, आणि मग, "तुम्ही आमच्याकडे कुठे होतात?"

काकाने नदीचं नाव सांगितलं. धबधब्याचं सांगितलं. पाहुण्याचा चेहरा उजळला, तो जवळच्याच प्रांतातला होता. मग एकदम तो हळू बोलू लागला. मी पहिल्या रांगेत होते, म्हणून ऐकू आलं. तो म्हणाला, "तो धबधबा आता नाही. खाली धरण बांधलं. दरवाजे बंद केले त्या दिवशी मी बायकोला घेऊन बघायला गेलो होतो. सकाळी धबधबा होता, दुपारपर्यंत नुसतं तळं. आवाजसुद्धा राहिला नाही. काठावर म्हातारी माणसं उभी होती."

"कधी?" काकाने विचारलं.

पाहुण्याने वर्ष सांगितलं. काकाने बोटांवर मोजलं. तो परत आल्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती.

"काठावरच्या बाया? मांडव होते त्यांचे. त्या कुठे गेल्या?"

"ते मला माहीत नाही," पाहुणा म्हणाला आणि त्याने काकाचा हात दोन्ही हातांत धरला.

गावाला यातलं अक्षर कळलं नाही. गावाला एवढंच दिसलं की शिकागो गोऱ्या माणसाशी घडाघडा इंग्रजी बोलतोय आणि गोरा माणूस त्याचा हात सोडत नाहीये. सगळ्यांत आधी फिलिपने टाळी वाजवली. मग सगळं अंगण टाळ्यांनी भरून गेलं. काका मधोमध उभा होता, आणि काय झालं ते त्या गर्दीत मला एकटीलाच ठाऊक होतं. मी उठून त्याच्याजवळ जायला हवं होतं. पण मीही टाळ्या वाजवत बसले.

शाळेला वर्ग मिळाले. काकाला मान मिळाला. लोक त्याला ओट्यावर बोलावू लागले, बहारीनला जाणारी मुलं अर्ज लिहायला येऊ लागली, सुपारी खाणारी म्हातारी मंडळी म्हणू लागली, "इनास, सांग रे ते गुलामाच्या दातांचं." तो अर्ज लिहून द्यायचा आणि उठून जायचा. अर्नाळ्याला जाणं त्याने बंद केलं. मी एकदा धीर करून विचारलं. तो गवत उपटत होता. मान वर न करता म्हणाला, "वीस वर्षांवर मी त्या बायांना सांगतोय, आत्ता मासे चढत असतील म्हणून. वीस वर्षं खोटं बोलत होतो गं. आणि मला कोणी सांगितलं नाही."

पुढे रोजाबाय गेली. भाच्याने वाडी बिल्डरला दिली आणि काकाला नालासोपाऱ्याला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत घेऊन गेला. भाचा आणि सून दोघं कामावर जात. काका दिवसभर एकटा. मी जाईन जाईन म्हणत राहिले. शाळा, लग्न, मूल. गेले तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. रविवारची मिस्सा आटोपून, केळ्यांची फणी घेऊन गेले. ती एकच भेट. त्यानंतर चार महिन्यांनी तो गेल्याचा निरोप आला.

भाचा आणि सून बाहेर गेले होते, तो एकटाच खिडकीशी बसला होता. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. केळी हातात घेऊन त्याने वास घेतला. "आपल्या वाडीतली?"

हो म्हणणं सोपं होतं. भाच्याने त्याला काही सांगितलं नव्हतं हे माझ्या लगेच लक्षात आलं.

"नाही काका. बाजारातली आहेत."

त्याने केळी मांडीवर ठेवली. "वाडी?"

"तोडली."

"विहीर?"

"बुजवली. मार्च महिन्यात."

"तू बघितलंस?"

"शाळेतून येताना रोज थांबत होते."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मग सांग. पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. आधी कुंपण काढलं, मग केळी कापल्या, घड होते तसेच टाकले. फणसाला दोन दिवस लागले. विहिरीत आधी राडारोडा टाकला, मग माती. तो डोळे मिटून ऐकत होता, मधेच विचारत होता, "मातीचा ट्रक कुठून आत घेतला?" "रोजाच्या खोलीची कौलं कोणी नेली?" जे मला माहीत होतं ते मी सांगितलं, जे नव्हतं ते माहीत नाही म्हटलं. दीड तास झाला. सून येण्याची वेळ झाली म्हणून मी पदर सावरून उठले.

"बस अजून," तो म्हणाला. "चाफ्याचं राहिलं."

मी परत बसले आणि चाफ्याचं सांगितलं.