माशांचा घास

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये रवींद्र तीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर उभा होता. केसाएवढा फरकही त्याच्या बोटाच्या पेराला कळायचा. असा माणूस डोंबिवलीच्या आपल्या घरात एका तीन फुटी काचेच्या टाकीपुढे हात टेकून बसला होता.

टाकी सोबत्यांनी दिलेली, तीस वर्षं झाली म्हणून. नेहमीचा चांदीचा गणपती नको, हे त्यानंच लाजत लाजत सुचवलं होतं. जन्मभर लोखंडाकडे बघितलं, आता जरा मऊ, हलणारं काहीतरी बघावं, एवढीच हौस. पाच गोल्डफिश आले. वर्षात दोन गेले. उरलेल्या तिघांतला मोठा, शेंदरी, कोपऱ्यात तोंड घालून राहू लागला आणि त्याच्या परांवर लाल रेघा उठल्या.

विठ्ठलवाडी स्टेशनाजवळ माशांचं दुकान चालवणाऱ्या धम्मपालनं टाकीतलं पाणी तपासलं. काचेच्या नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून हलवलं, तर रंग लालभडक.

"नायट्रेट, काका. खाणं कुजतं, घाण कुजते, त्यातलं शेवटी हे उरतं. पाणी बघायला एकदम क्लीन, पण मासे हळूहळू जातात. रंग पिवळा यायला पाहिजे."

झालं, रवींद्रनं कंबर कसली. दर रविवारी अर्धं पाणी बदलायचं, तळाचा गाळ रबरी पाइपनं ओढायचा, माशांना दाणे मोजून घालायचे. बायको सुलभा म्हणाली, "मला असं मोजून वाढलं असतंत तर मी कधीच बारीक झाले असते." नळाचं पाणीही त्यानं तपासलं, त्यात काही नव्हतं. पण सोमवारी केशरी दिसणारी नळी शनिवारपर्यंत पुन्हा लाल. पालथ्या घड्यावर पाणी!

त्याची आई गोदूबाई दोन वर्षांपूर्वी संगमेश्वराकडच्या गावाहून कायमची इथं आली होती. ऐंशी ओलांडलेली. वार विसरायची, नावं विसरायची, सुलभाला मध्येच 'वैनी' म्हणायची. टाकीसमोर मात्र तासन्‌तास बसायची. खिडकीतलं ऊन पाण्यावर पडे, त्याची जाळी भिंतीवर, तिच्या पातळावर, सुरकुतलेल्या हातांवर हलत राही, आणि पंपाची बुडबुड ऐकत आई कुठल्या कुठे निघून जाई. कुठे, ते रवींद्रला ठाऊक होतं. गावच्या नदीत एक कोंड होती, खोल डोहच. तिच्यातले मासे देवाचे, ते कुणी धरत नसे. रोज जेवण्याआधी आई तिथं दगडावर भाताचा घास ठेवून यायची. त्या कोंडीतला एक काळा गोटा तिनं पदरात बांधून आणला होता. तो आता टाकीच्या मधोमध होता. रवींद्र साफ करताना सगळं हलवायचा, एवढा एक दगड सोडून. देवाच्या वस्तूला उगाच कशाला हात लावा!

एका मंगळवारी मशीन बिघडलं आणि तो भर दुपारी घरी आला. आई ताट घेऊन टाकीपुढे बसली होती. वरणभाताचा लिंबाएवढा घास तिनं हळूच पाण्यात सोडला, बरोबर त्या दगडावर. माशांनी थोडा टिपला, बाकीचा दगडाखाली घरंगळला. आईनं हात जोडले आणि मगच स्वतः जेवायला लागली. रविवारी टाकीभोवती बादल्या असत, म्हणून सगळं आवरून तो आडवा झाल्यावरच आई जेवायला बसायची. त्यामुळे त्यानं हे कधी पाहिलंच नव्हतं. सुलभाला ठाऊक होतं, पण घासभर भातानं काय होतंय, असं तिला वाटलेलं.

रवींद्रनं दगड उचलला. खाली राखाडी चिखल, आणि वास असा की नको.

"आई, अगं, हे कुजतं. मरतील ते."

"आणि उपाशी नाय मरायचे?" आई म्हणाली. "त्यांच्या आधी माझ्या गळ्याखाली घास उतरंल काय रे?"

त्यानं तिचं ताट आत न्यायला लावलं. आई दोन दिवस जेवली नाही. रागानं नव्हे, नुसती ताटाकडे बघत राहिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

धम्मपाल सगळं ऐकून हसला नाही. "मग आजींचाच घास ठेवा ना. तुमचे दाणे बंद करा. घास सुपारीएवढा, वरण-मीठ नको, नुसता भात आणि मऊ मटार. उरलेलं अर्ध्या तासात काढा. आणि मनी प्लांट लावा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. मुळं ओढून घेतात हे सगळं."

तसंच केलं. आई जेवायला लागली. उरलेलं काढायचं काम सुलभानं पत्करलं. दोन-तीन महिन्यांत पांढरी मुळं पाण्यात लोंबू लागली, पानं खिडकीच्या गजापर्यंत पोचली. नळी केशरीवर थांबली. शेंदरीच्या परांवरच्या रेघा गेल्या. रवींद्र संध्याकाळी आईशेजारी बसून त्या हिरव्या उजेडात बघत राही, आणि ठाण्याची सगळी धूळ अंगावरून उतरल्यासारखी वाटे.

मग एका रविवारी नळी पिवळी आली. लख्ख पिवळी! त्यानं सुलभाला हाका मारल्या. शेंदरी तर हल्ली तो दिसताच वर येऊन तोंड उघडझाप करायचा. लळा लागला, लळा, असं तो कौतुकानं सांगत सुटला. फोटो धम्मपालला पाठवला. उत्तर आलं, "भारी काका! मासे जेवतात ना पण?"

रवींद्रनं दगड उचलला. सुलभाच्या हातून एरवी चुकून राहणारं भाताचं एक शीतही खाली नव्हतं.

"आई दुपारी जेवते ना गं?"

सुलभा चपापली. "आठवडा झाला, ताटाला हात नाही लावत. उन्हानं असेल म्हटलं. रात्री पेज घेते थोडी. सांगणारच होते तुम्हाला."

लळा कसला, पोटात कावळे ओरडत होते त्यांच्या! रवींद्रला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यानं ताट वाढून टाकीपुढे आणलं. आईनं घास केला आणि हात तसाच धरून ठेवला. आधी काहीतरी करायचं असतं, एवढंच तिला आठवत होतं. काय, ते निसटलं होतं. रोज ती त्यासाठीच थांबत होती. रवींद्रनं तिचं मनगट धरून टाकीवर नेलं. भात पाण्यात सुटला. तिन्ही मासे तुटून पडले.

आईनं बराच वेळ पाहिलं. "घेतला रे?"

"घेतला, आई. आता तू जेव."

आई जेवली. वर थोडं ताकही मागून घेतलं.

पुढच्या रविवारी रवींद्रनं पुन्हा केशरी झालेली नळी उजेडात धरली. सुलभानं मागून विचारलं, "वाढलं का परत?"

"वाढलं," तो म्हणाला, आणि त्याला फार बरं वाटलं.